मोठ्यानं वाचून दाखवा

गेल्या वर्षी मी कल्याण पश्चिमेला वन बीएचके घेतला. रजिस्ट्रेशनच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आम्ही सव्वातीन तास बाकड्यावर बसलो. प्रत्यक्ष टेबलासमोर होतो अकरा मिनिटं. एजंट पानं उलटत होता, "इथं सही, इथं सही, इथं अंगठा, आता कॅमेऱ्यात बघा." करारनामा एकशे चौदा पानांचा, सगळा इंग्रजीत. मी पाचव्या पानावर वाचणं सोडून दिलं.

बाबा ओळख पटवणारे साक्षीदार म्हणून आले होते. तीस वर्षं त्यांनी अंबरनाथच्या कारखान्यात काढली, शिक्षण मराठीत झालं. सही करण्याआधी त्यांनी चष्मा लावला आणि मला विचारलं, "यात लिहिलंय काय रे?"

मी म्हणालो, "स्टँडर्ड असतं सगळं, बाबा."

माझ्या नावावर वीस वर्षांचं कर्ज चढत होतं आणि कशावर सही करतोय ते मला माहीत नव्हतं. मी इंजिनिअर आहे, दिवसभर इंग्रजीच वाचतो, तरी. हा लेख त्या खोट्या उत्तरावर आहे. आणि त्याहून जास्त एका वाक्यावर आहे, जे डोंबिवलीच्या ६५ इमारतींची बातमी आल्यापासून मी ऑफिसात, लोकलमध्ये आणि कॉलेजच्या ग्रुपवर ऐकतोय: "घेताना पेपर नीट बघायचे ना!"

पेपर बघितलेच होते

प्रकरण थोडक्यात असं. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार झाल्या. त्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. त्या क्रमांकांच्या जोरावर फ्लॅट विकले गेले. एका वास्तुविशारदानं हे खणून काढलं, न्यायालयात गेला, ठाणे पोलिसांचं विशेष तपास पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले.

आता त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. रेराचा नंबर होता. तो सरकारी वेबसाइटवर दिसत होता. अनेकांना बँकांनी गृहकर्ज दिलं होतं, म्हणजे बँकेच्या वकिलांनीही कागद चाळले असणार. मुद्रांक शुल्क भरलं होतं. करारनामा सरकारी ऑफिसात नोंदवला होता. या माणसानं अजून कोणते पेपर बघायला हवे होते? महापालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन परवानगीच्या जावक क्रमांकाची खात्री करायची होती? नोकरी करणाऱ्या, ८.१० च्या लोकलला लटकणाऱ्या माणसानं? आणि ते काम त्यानंच करायचं, तर रेरा कशासाठी आहे?

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर प्रतिसाद कुठल्या दिशेनं जातील मला माहितीये. बेकायदा इमारती सरसकट नियमित करा असं मी म्हणत नाहीये. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. परवानगी हा फक्त शिक्का नसतो. पाया, खांब, जिना कोणीतरी तपासलाय याचा तो पुरावा असतो. म्हणून तर खोट्या परवानगीचा मला इतका राग येतो. पण राग कोणावर काढायचा, हा प्रश्न आहे. आणि आपण तो सवयीनं घेणाऱ्यावर काढतो.

ही सवय कुठून आली, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

खाडीच्या दोन बाजू

अठराव्या शतकाच्या शेवटी ठाणे आणि कल्याण ही दोन वेगळ्या कायद्यांची गावं होती. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली, त्यात ठाणं गेलं. मधे काही वर्षं कल्याणही त्यांच्याकडे होतं, पण १७८२ च्या सालबाईच्या तहानं ते पेशव्यांकडे परत आलं. १८१७ च्या पुणे तहात उत्तर कोकण कंपनीच्या हाती जाईपर्यंत असंच चाललं. म्हणजे पस्तीसेक वर्षं खाडी ओलांडली की कायदा बदलायचा. आज मुंब्र्यानंतर फोनची रेंज जाते तसा.

कल्याणच्या बाजूला वतनाचा किंवा जमिनीचा वाद गोतसभेपुढे जायचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावचे लोक, बलुतेदार. दोन्ही पक्ष आपापला करिना, म्हणजे हकीकत, लिहून द्यायचे. निवाडा मान्य करू असा राजीनामा आधीच घेतला जायचा. मग साक्षी व्हायच्या आणि निकालाचा महजर लिहिला जायचा. मराठीत, मोडी लिपीत. त्याच्यावर हजर माणसांच्या सह्या, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची निशाणी. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली अवजारं. गावाची शीव कुठून जाते हा वाद असला, तर महाराची साक्ष मोलाची मानली जायची, कारण शीव त्यानं पायाखाली घातलेली असायची.

कागदाची ही कल्पना मला महत्त्वाची वाटते. जमीन ज्यांना माहीत आहे तेच लोक कागदावर होते, आणि "नाही, हे खोटं आहे" असं म्हणायची संधी त्यांना कागद होण्याआधी मिळत होती.

पण म्हणून गळा काढून "पूर्वीचा न्याय" म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. हीच व्यवस्था साक्षीपुराव्यानं वाद मिटला नाही की दिव्य करायला लावायची. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. जिंकणारा सरकारला हरकी द्यायचा, हरणारा गुन्हेगारी भरायचा. ज्या महाराची शिवेवरची साक्ष चालायची, त्याला गावात राहायला जागा मात्र शिवेजवळच होती. तेव्हा सोनेरी काळ वगैरे नको.

आणि कृपा करून रामशास्त्री नकोत. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर जाब विचारणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्या सगळ्यांना शाळेत भेटलेत. माणूस मोठा होता, वाद नाही. पण गोष्टीचा शेवट आपण विसरतो. शास्त्रीबुवांनी पद सोडलं आणि राघोबादादांना शिक्षा झाली नाही. न्यायाधीशाचा निकाल राबवणारी यंत्रणा नव्हती, म्हणून न्यायाधीशाचं शील तेवढं आठवणीत राहिलं. आपल्याला चांगल्या माणसांच्या गोष्टी आवडतात. यंत्रणांच्या गोष्टींचा कंटाळा येतो. त्या ६५ इमारतींच्या बाबतीतही पुढे काय झालं? कोणी बेघर होणार नाही, असं आश्वासन मुख्यमंत्र्यांनी दिलं. आश्वासन चांगलंच आहे. पण आश्वासन म्हणजे माणसाच्या शब्दावर टेकणं. आपण अजूनही कोणीतरी शास्त्रीबुवा येतील म्हणून वाट बघत बसलोय.

सुप्याची होळी

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, खरा कायदा इंग्रजांनी दिला. त्यांचंही ऐकू.

एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात पंचायतींची बाजू घेतली होती. त्या चालू ठेवाव्यात असं त्याचं मत होतं. तरी त्याच्याच काळात, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्यासाठी २७ रेग्युलेशनांची संहिता लागू झाली आणि अदालतीचा जमाना सुरू झाला. १८६० मध्ये दंड संहिता झाली, १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय आलं, १८७२ मध्ये पुरावा आणि कराराचे कायदे, १८८२ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. सगळ्यांना एकच कायदा, लिहिलेला, छापलेला. हे छोटं काम नव्हतं. दिव्यापेक्षा पुराव्याचा कायदा केव्हाही बरा.

पण या कायद्यात कागद राजा झाला. सावकारानं लिहून आणलेल्या दस्तावर शेतकऱ्याचा अंगठा असला की कोर्टात काम फत्ते. त्या दस्तात व्याज मुद्दलात कितीदा मिसळलंय, पैसे खरंच दिले होते का, अंगठा देणाऱ्याला मजकूर कळला होता का, हे विचारायला कोर्टाकडे वेळ नव्हता आणि कायद्याचा आग्रहही नव्हता. एकतर्फी हुकूमनामे निघायचे, जमिनी जायच्या.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. माणसं मारणं हा हेतू नव्हता, तसे प्रकार फार थोडे झाले. त्यांना हवे होते दस्त आणि हुकूमनामे. ते मिळाले की जाळायचे. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, त्याच्याशी एवढंच करता येत होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या दोन तरतुदी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा रात्री एक वाजता लॅपटॉप बंद करून बसलो होतो. पहिली: कोर्टानं दस्ताच्या मागं जायचं, म्हणजे व्यवहाराचा सगळा इतिहास पहिल्यापासून तपासायचा. दुसरी: शेतकऱ्याचा दस्त ग्राम निबंधकासमोर लिहायचा, आणि सही-अंगठ्याआधी त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा.

१८७९. मोठ्यानं वाचून दाखवायचा.

बाबांनी माझ्याकडे याहून वेगळं काय मागितलं होतं?

तो कायदा पुढे इतिहासजमा झाला. त्याच्यातही पळवाटा होत्या, सावकारांनी त्या शोधल्याच. पण ज्या गोष्टीसाठी लोकांनी पेढ्या फोडल्या, ती गोष्ट सरकारला चार वर्षांत कळली होती: वाचता न येणाऱ्या कागदाची जबाबदारी अंगठा देणाऱ्यावर टाकता येत नाही.

नोंदवलं म्हणजे काय?

आज आपण १९०८ च्या नोंदणी कायद्यात राहतो. आपल्याला वाटतं, रजिस्ट्रेशन झालं म्हणजे सरकारनं मालकीवर शिक्कामोर्तब केलं. तसं नाहीये. अमुक दिवशी अमुक माणसांनी अमुक दस्त केला, एवढीच ती नोंद आहे. विकणाऱ्याकडे विकण्याचा हक्क होता की नाही, याची हमी त्यात नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूचा एक नियम रद्द केला, तोही याच कारणानं: विकणाऱ्याची मालकी तपासून दस्त नाकारण्याचा अधिकार नोंदणी कायद्यानं निबंधकाला दिलेलाच नाही.

मग आपण साताठ टक्के कशाचे भरतो? कल्याण-डोंबिवलीत फ्लॅटच्या किमतीवर साधारण सात टक्के मुद्रांक शुल्क लागतं, वर नोंदणी शुल्क. माझ्या कामात कोणी ग्राहकाकडून एवढे पैसे घेऊन "आम्ही फक्त फाइल साठवतो, आत काय आहे याच्याशी आमचा संबंध नाही" म्हणालं असतं, तर पहिल्याच दिवशी त्याचं दुकान बंद झालं असतं.

आमच्या टीममध्ये एक जण चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचा आहे. कॉलवर एकदा घरांचा विषय निघाला तेव्हा त्यानं स्क्रीन शेअर करून तिथली मालमत्ता नोंदवही उघडली. कोणालाही फुकट बघता येते. मालक कोण, कर्ज कोणाचं, सगळं तिथं. व्यवहाराचा अर्ज आला की नोंदीवर खूण लागते, म्हणजे तिसऱ्या माणसाला कळतं की इथं काहीतरी चाललंय. मालकाला कळवल्यावर किमान वीस दिवस जाऊ द्यावे लागतात, मगच बदल होतो. आणि २०१४ पासून लागू झालेल्या त्यांच्या नव्या नागरी संहितेनुसार, नोंदवहीवर प्रामाणिकपणे विसंबून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

मी त्याला म्हणालो, तुमचं बरंय, युरोप आहे. तो हसला. त्यांच्याकडे मध्ययुगात प्रागच्या किल्ल्यात 'झेमस्के डेस्की' नावाच्या जमिनीच्या वह्या होत्या. उमरावांच्या जमिनीचा व्यवहार त्यात चढल्याशिवाय पक्का मानला जात नसे. १५४१ च्या आगीत त्या जळाल्या. लोकांना आपले हक्क पुन्हा नोंदवावे लागले. नंतर कम्युनिस्ट राजवटीत नोंदवहीवर विसंबण्याचं हे तत्त्व गेलं, ते आत्ता कुठे परत आलंय. म्हणजे त्यांनाही हे कोणी ताटात वाढून दिलं नाही. वही जळाली, राजवटी बदलल्या, आणि त्यांनी ती परत लिहिली.

ठिगळांचा कायदा

आपणही काहीच केलं नाही असं नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्रानं फ्लॅट मालकी कायदा, म्हणजे मोफा, केला. सोसायटी झाल्यावर बिल्डरनं जमिनीसह इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची, असं त्यात आहे. बिल्डर करत नाहीत, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरण आणलं. डीम्ड कन्व्हेयन्स. म्हणजे बिल्डरनं नाही दिलं तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. अर्ज कोणी करायचा? रहिवाशांनी. कागद कोणी गोळा करायचे? रहिवाशांनी. मग २०१६ चा रेरा आला, मे २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं. जमिनीच्या मालकीचा विमा बिल्डरनं उतरवायचा, असंही रेराच्या कलम १६ मध्ये आहे, पण ते सरकारच्या अधिसूचनेवर सोडलंय.

आमची डोंबिवली पूर्वेची बिल्डिंग १९९४ ची. कन्व्हेयन्स आजतागायत नाही. बिल्डर फोन उचलत नाही, खालच्या जमिनीवर अजून जुन्या मालकाचं नाव आहे. स्लॅबचं प्लॅस्टर पडतंय, पुनर्विकासाची बोलणी दोनदा फिसकटली. बाबांनी आयुष्यभराची कमाई घातली त्या घराखालची जमीन कायद्याच्या कागदावर आमच्या सोसायटीची नाही. तीस वर्षं बाबा कोणालाच दोष देत नाहीत. ते म्हणतात, "आपणच तेव्हा लक्ष दिलं नाही." बघा, तेच वाक्य. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडात बसवलेलं.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. फॉर्ममधून आलेल्या माहितीवर विश्वास ठेवायचा नाही, हे नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोणी पीडीएफ अपलोड करून "ही महापालिकेची परवानगी" म्हणत असेल, तर ती पीडीएफ बघायची नसते. महापालिकेच्या सिस्टिमला विचारायचं असतं: हा क्रमांक तुझा आहे का? ६५ इमारतींच्या बाबतीत हे विचारलं गेलं नाही. एका सरकारी वहीनं दुसऱ्या सरकारी वहीला प्रश्न विचारला नाही. दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीतून इमारती उभ्या राहिल्या. या प्रकरणानंतर परवानग्यांची पडताळणी सुरू झाली, चांगलं झालं. पण प्रश्न विचारायला कोणीच नव्हतं तेव्हाच्या चुकीचं बिल सगळ्यात शेवटच्या माणसाला, घेणाऱ्याला, आलं.

मग हवंय काय?

हमी दिलेली मालकी हा एका रात्रीत होणारा प्रकार नाही, हे मान्य. आंध्र प्रदेशात तसा कायदा झाला. मालकी ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याच्या हाती गेला तर आपल्या जमिनीचं काय, अशी भीती लोकांना वाटली, निवडणुकीत तो मुद्दा झाला आणि २०२४ मध्ये कायदाच रद्द झाला. भीती खोटी नव्हती. ज्या ऑफिसवर आज विश्वास नाही, त्याच ऑफिसच्या हातात अंतिम शब्द कोण देईल? म्हणून मी त्याच्या खालच्या तीन गोष्टी मागतो.

एक. महापालिका, भूमी अभिलेख, रेरा आणि नोंदणी कार्यालय यांच्या वह्यांनी एकमेकींना विचारल्याशिवाय कोणताही क्रमांक द्यायचा नाही. कागद घेणाऱ्यानं आणायचा नाही, खात्यानं खात्याकडून घ्यायचा.

दोन. ज्या खात्यानं खोट्या कागदावर क्रमांक दिला, त्यानं प्रामाणिक घेणाऱ्याचं नुकसान भरून द्यायचं. इमारत पाडायची असेल तर पाडा, पण आधी त्या घराचे पैसे द्या आणि मग बिल्डरच्या मागं लागा. तुमच्याकडे पोलीस आहेत, आमच्याकडे ईएमआय आहे. पैसे द्यावे लागले की तपासणी आपोआप सुधारेल.

तीन. फ्लॅटचा करारनामा मराठीतही हवा आणि सहीआधी त्यातली महत्त्वाची कलमं वाचून दाखवायला हवीत. १९९८ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. वाद झाल्यावर मराठी चालते, मग वाद होण्याआधी का नाही? अकरा मिनिटांची एकवीस मिनिटं होतील. १८७९ च्या ग्राम निबंधकाला जमायचं ते कॅमेरा आणि बायोमेट्रिक असलेल्या ऑफिसला जमायला हरकत नाही.

मागच्या रविवारी मी तो करारनामा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाबांना म्हणालो, बसा, वाचून दाखवतो. एक एक कलम मराठीत सांगत गेलो. दुपारी तीनपर्यंत एकेचाळीस पानं झाली. ताबा उशिरा मिळाला तर व्याजाचं काय, पार्किंग नक्की कोणाचं, पुढे मजले वाढवायचा हक्क कोणाकडे. चार ठिकाणी बाबांनी थांबवलं आणि असे प्रश्न विचारले की मला उत्तर आलं नाही. ते मी लिहून ठेवलेत, बिल्डरला मेल करणार आहे. त्यातल्या एकाची जागा बाबांनी स्वतः पेन्सिलीनं अधोरेखित केली: सोसायटीला कन्व्हेयन्स कधी देणार.

तुमच्या बिल्डिंगचं झालंय का? येत्या मीटिंगला सेक्रेटरीला विचारा. आणि कोणी म्हणालं, "तेव्हा पेपर बघायचे होते," तर त्याला एवढंच सांगा की पेपर आम्ही बघितले होते, तपासायचे तुम्ही होते.